फसली दिनांक व संगणकीय शोध

मराठवाड्यातील औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. त्या काळातील महसुली व अन्य दप्तरांत फसली सन आढळतो. ही दप्तरे संगणकावर घेताना दिनांकाची नोंद कशी करावी, हे जाणून घेणे आवश्यक आहे.

हैदराबादचा फसली सन आजुर महिन्यापासून, म्हणजे सुमारे ६ ऑक्टोबरला सुरू होई व आबान महिन्याने संपे. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरमधील नोंदीस ५९० आणि जानेवारीनंतरच्या नोंदीस ५९१ मिळविले असता इसवी सन येतो. उदाहरणार्थ, फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८.

संगणकाला हा भेद कळत नाही. दिनांकाच्या रकान्यात १३५७ हे वर्ष भरल्यास तो ते इसवी सन १३५७ समजतो व चूकही दाखवीत नाही. नंतर एस.क्यू.एल. भाषेतील दिनांक-फलनाने ५९० वर्षे मिळविली, तरी महिन्यांचा आरंभ भिन्न असल्याने उत्तर चुकतेच. म्हणून मूळ फसली नोंद जशीच्या तशी एका अक्षरी रकान्यात ठेवावी. जंत्रीवरून काढलेले इसवी दिनांक दोन स्वतंत्र रकान्यांत भरावेत : नोंदीचा काळ जेव्हा सुरू होतो तो आरंभ, व जेव्हा संपतो तो अखेर. पूर्ण दिनांक ज्ञात असल्यास दोन्ही रकान्यांत तोच दिनांक येईल.

याचे महत्त्व एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. अनुसूचित जातींच्या प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० हा मानीव दिनांक आहे. फसली १३५९ हे वर्ष ऑक्टोबर १९४९ ते ऑक्टोबर १९५० असे असल्याने हा दिनांक त्याच वर्षात पडतो. नोंदीत अमरदाद महिना असल्यास ती जून-जुलैची, म्हणजे आधीची. आबान असल्यास सप्टेंबर-ऑक्टोबरची, म्हणजे नंतरची. केवळ वर्षच लिहिलेले असल्यास निर्णय करता येत नाही.

यास्तव शोधाची अट पुढीलप्रमाणे असावी. अखेर मानीव दिनांकापूर्वीची असल्यास नोंद निश्चित आधीची समजावी. आरंभ त्या दिनांकापूर्वी असून अखेर त्या दिवशी वा त्यानंतर असल्यास नोंद बाद न करता मूळ दप्तराशी पडताळावी. केवळ वर्ष वेगळे काढणाऱ्या फलनावर विसंबल्यास अशी नोंद संगणकाच्या यादीतून नकळत गळते आणि खऱ्या अर्जदाराचा पुरावा दप्तरातच राहतो.