मूळ संहितेतून घडविलेली यंत्रप्रणाली : एक अभ्यासपाठ

घरातील वायफाय राउटर, दूरचित्रवाणीखालचा सेट-टॉप बॉक्स, कारखान्यातील नियंत्रक यंत्र अशा कित्येक वस्तूंच्या पोटात एक छोटा संगणक असतो आणि त्यांपैकी अनेकांत लिनक्स चालते. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने 1991 साली सुरू केलेले हेच ते कर्नेल. आपल्याला मात्र ही वस्तू बंद पेटी म्हणूनच ठाऊक असते. ही पेटी आतून कशी भरली जाते आणि आपल्या हातांनी ती कशी भरता येईल, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. संगणकक्षेत्रात नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना यातील काही भाग प्राथमिक वाटेल, पालकांना काही भाग जड जाईल. दोघांनीही थोडे सांभाळून घ्यावे.

एका राउटरची हकीकत आधी सांगितली पाहिजे. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी54जी हा राउटर 2002 च्या अखेरीस बाजारात आला. त्यात लिनक्स वापरले असल्याचे 2003 साली जाणकारांच्या लक्षात आले. लिनक्सचा परवाना, म्हणजे जीपीएलची दुसरी आवृत्ती, असे बजावतो की जो कोणी तयार प्रोग्रॅम दुसऱ्यास देईल, त्याने त्याची मूळ संहिताही उपलब्ध करून दिली पाहिजे. मागणी वाढली तेव्हा कंपनीने संहिता खुली केली. त्याच संहितेच्या आधारे 2004 साली ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभा राहिला आणि आज तो असंख्य प्रकारच्या राउटरांवर चालतो. या परवान्यातील एक तपशील आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो : मूळ संहिता म्हणजे केवळ प्रोग्रॅमच्या ओळी नव्हेत, संकलन आणि स्थापना ज्या स्क्रिप्ट्सद्वारे होते, त्याही तिच्यातच मोडतात. पदार्थाबरोबर कृतीही द्यावी लागते.

आता आपल्या उपयोगाचे उदाहरण घेऊ. वसतिगृहाच्या अभ्यासिकेत एक छोटा संगणक ठेवायचा आहे. इंटरनेट नसले तरी त्याने स्वतःचे वायफाय सुरू करावे आणि विद्यार्थ्याने त्यास जोडून घेताच पाठ्यपुस्तके व ध्वनिमुद्रित पाठ उघडावेत. यासाठी रास्पबेरी पाय 3 हा फलक पुरेसा आहे. त्यात 1 जीबी स्मृती असून वायफाय अंगचेच आहे. त्यावर तयार, सर्वसाधारण प्रणाली टाकता येते; परंतु तीत आपल्याला नको असलेले शेकडो प्रोग्रॅम येतात आणि प्रत्येकाची देखभाल अंगावर पडते. दुकानातून पिठाची पिशवी आणणे आणि धान्य निवडून, पाखडून, गिरणीतून दळून आणणे यांत जो फरक, तोच येथे. दुसऱ्या वाटेने श्रम अधिक पडतात, पण पिठात काय आहे ते आपल्याला ठाऊक असते.

हे दळण करणारी दोन साधने विशेष प्रचलित आहेत : ‘योक्टो’ आणि ‘बिल्डरूट’. मोठ्या उद्योगांत योक्टोचा वापर अधिक. शिकणाऱ्याने मात्र बिल्डरूटपासून सुरुवात करावी असे आमचे स्पष्ट मत आहे. लिनक्स असलेल्या साध्या संगणकावर बिल्डरूटची संहिता उतरवून घ्यावी. शक्यतो जिला दीर्घकाळ दुरुस्त्या मिळतात अशी आवृत्ती निवडावी. ‘मेक रास्पबेरीपाय3_64_डेफकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की त्या फलकास साजेशी मूळ मांडणी तयार होते. ‘मेक मेनुकॉन्फिग’ने यादी उघडते. तीत वायफाय पुरविणारा होस्टएपीडी, पत्ते वाटणारा डीएनएसमास्क आणि पाने पुरविणारा लाइटटीपीडी एवढे निवडले की आपला संसार जवळजवळ मांडून झाला. नित्याच्या छोट्या आज्ञांसाठी बिझीबॉक्स आधीच असतो. मग नुसते ‘मेक’ म्हणायचे.

पुढे जे घडते ते पाहण्यासारखे असते. आपला संगणक एका जातीच्या प्रोसेसरचा, तर फलक एआरएम या दुसऱ्या जातीचा. म्हणून बिल्डरूट प्रथम असा कंपायलर उभा करते की जो आपल्या संगणकावर चालतो, पण संहिता फलकाच्या भाषेत उतरवितो. त्यानंतर कर्नेल, ग्रंथालये आणि प्रोग्रॅम एकामागून एक घडत जातात. डाउनलोड केलेल्या संहितेचा ठसा ताडून पाहिला जातो. तो जुळला नाही तर काम तेथेच थांबते. पहिल्या खेपेस तासभर किंवा त्याहून अधिक वेळ लागतो आणि डिस्कवर काही जीबी जागा व्यापली जाते. शेवटी ‘आउटपुट’मधील ‘इमेजेस’ या फोल्डरात ‘एसडीकार्ड.आयएमजी’ ही फाइल मिळते, आणि ती कार्डावर उतरवायची असते.

येथपर्यंतचा प्रवास पुष्कळांना जमतो. खरी परीक्षा वीज जाते तेव्हा होते. कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइलप्रणाली बिघडू शकते, आणि अभ्यासिकेतील यंत्र कोणी रीतसर बंद करील अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. म्हणून प्रणालीचा मुख्य भाग केवळ वाचता येईल असा ठेवावा. ‘स्क्वॉशएफएस’ ही फाइलप्रणाली त्यासाठीच आहे. ती दाबून भरलेली असते आणि तिच्यावर लिहिताच येत नाही. नोंदी आणि तात्पुरत्या फाइली स्मृतीत ठेवाव्यात, म्हणजे वीज जाताच त्या पुसल्या जातील, पण कार्डास धक्का लागणार नाही. पुस्तके वेगळ्या विभागात ठेवून तोही वाचनापुरताच जोडावा. येथे एक मेख आहे. स्क्वॉशएफएसचा आधार कर्नेलच्या आतच बांधून घ्यावा लागतो. तो मॉड्यूल म्हणून ठेवला तर ते मॉड्यूल ज्या फाइलप्रणालीत बसले आहे, ती उघडण्यासाठीच त्याची गरज पडते. कुलूपबंद पेटीची किल्ली पेटीतच राहावी, तशातला हा प्रकार.

घड्याळाचेही असेच. रास्पबेरी पाय 3 वर बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. इंटरनेट नसेल तर प्रत्येक वेळी सुरू होताना त्यास आजची तारीख कळत नाही. डीएस3231 हे छोटे घड्याळ जोडून कर्नेलमध्ये त्याचा ड्रायव्हर निवडला की प्रश्न मिटतो.

आपण सर्व काही मूळ संहितेतून घडविले, असे म्हणण्याचा मोह येथे आवरावा. या फलकावर वीज येताच आधी चित्रप्रक्रिया करणारा भाग जागा होतो आणि त्याचा प्रोग्रॅम बंदिस्त स्वरूपातच मिळतो; वायफायच्या चिपचेही तसेच आहे. युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनी तर 1984 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात याहून खोल शंका मांडली होती : संहिता निर्मळ असली तरी कंपायलरच दूषित असेल तर काय? धान्य आपण निवडले, पण गिरणीवर विश्वास ठेवावाच लागतो. तथापि कोणत्या ठिकाणी विश्वास ठेवला आहे हे माहीत असणे आणि सरसकट डोळे मिटून घेणे, या दोन गोष्टी आम्ही एक मानीत नाही.

माजी विद्यार्थ्यांनी असे यंत्र शाळेस भेट द्यावे, असे आम्हांस मनापासून वाटते. मात्र केवळ कार्ड देऊ नये. देणारा परगावी जातो, त्याचा दूरध्वनी क्रमांक बदलतो. तीन वर्षांनी एखादी सुरक्षेची दुरुस्ती करावयाची झाली, की कपाटात न उघडणारी पेटी उरते. कार्ड देणारा परवान्याच्या दृष्टीने वितरकच ठरतो, म्हणजे संहिता मागण्याचा शाळेस अधिकारच आहे. यासाठी ‘मेक सेव्हडेफकॉन्फिग’ने निवडींची छोटी फाइल जपावी, ‘मेक सोर्स’ने आणलेली सर्व संहिता एका डिस्कवर उतरवावी, म्हणजे पुढे एखादे संकेतस्थळ बंद पडले तरी अडणार नाही, आणि ‘मेक लीगल-इन्फो’ने परवान्यांची नोंद काढावी. सोबत एक वही असावी, मराठीत लिहिलेली : काय निवडले, काय वगळले आणि का. कंपायलरची निवड बदलली तर ‘मेक क्लीन’ करून सारे पुन्हा घडवावे लागते, अशा बारीक गोष्टीही तीत याव्यात. देणगीदाराने निरोप घेण्यापूर्वी नववीतल्या एखाद्या विद्यार्थ्याने त्या वहीवरून, इंटरनेट काढून ठेवून, नवे कार्ड घडवून दाखवावे. ते सुरू झाले तरच भेट पोहोचली असे समजावे.

ते सुरू झाले की नाही हे पाहण्यास पडदाही लागत नाही. यूएसबीला जोडायची 3.3 व्होल्टची सिरियल तार पुरते. 5 व्होल्टची चुकूनही लावू नये, फलक जळू शकतो. फलकावरील सहावी पिन भूमीस, आठवी तारेच्या ग्रहण टोकास आणि दहावी प्रेषण टोकास जोडावी. वेग 115200 ठेवावा. वीज देताच कर्नेलच्या ओळी भराभर सरकू लागतात आणि अखेरीस ‘लॉगिन’ हा शब्द येऊन थांबतो.