धूम्रपानत्यागाचे पहिले दिवस : तलफेशी सामना

प्रास्ताविक

विडी सोडण्याचा संकल्प करणारे शिक्षक पुष्कळ असतात; परंतु तो पहिल्या आठवड्यातच मोडल्याचे अनेकदा आढळते. यास मनोनिग्रहाचा अभाव असे नाव देऊन लोक मोकळे होतात. वस्तुतः तलफ कशी येते, किती वेळ राहते व कशी ओसरते, याची माहिती आधी नसल्यामुळे संकल्प करणारा गोंधळून जातो. ती माहिती करून देणे हा या पाठाचा हेतू होय.

तलफ म्हणजे काय?

तंबाखूतील निकोटीन हे द्रव्य धुराबरोबर फुप्फुसांत जाते व तेथून काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. मेंदूस क्षणभर बरे वाटते. परंतु रक्तातील निकोटीन सुमारे २ तासांत निम्म्यावर येते आणि मेंदू पुन्हा मागणी करू लागतो. या मागणीसच तलफ म्हणतात. विडीने अस्वस्थता जाते असे ओढणाऱ्यास वाटते. पण ती अस्वस्थता आधीच्या विडीनेच निर्माण केलेली असते. टेंभुर्णीच्या पानाची विडी लहान दिसते, म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य आहे असे समजणे चुकीचे आहे.

पहिल्या दिवसांचा क्रम

शेवटच्या विडीनंतर काही तासांतच चुळबूळ सुरू होते. दुसरा व तिसरा दिवस बहुधा सर्वांत कठीण जातो. चिडचिड, बेचैनी, कामात चित्त न लागणे, झोप मोडणे व भूक वाढणे ही नेहमीची लक्षणे होत. पुढे उतार पडतो व साधारणपणे २ ते ४ आठवड्यांत ही लक्षणे मावळतात. याच काळात शरीर सावरतही असते. धुरातून रक्तात शिरलेला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू एक-दोन दिवसांत निघून जातो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, प्रत्येक तलफ थोड्याच मिनिटांची असते. ती लाटेसारखी चढते आणि ओसरते. विडी ओढली तरी ती जाते, न ओढली तरी जाते. भेद इतकाच की, ओढल्याने ती पुन्हा येण्याची तजवीज होते. म्हणून जन्मभराच्या त्यागाची चिंता न करता समोरची ५-१० मिनिटे काढणे, एवढेच काम शिक्षकाने आपल्यापुढे ठेवावे.

पूर्वतयारी

प्रारंभाचा दिवस आधी ठरवावा. शक्यतो सलग सुटीचा काळ निवडावा. कारण पहिल्या तीन दिवसांतील चिडचिडीचा भार वर्गातील मुलांवर पडता कामा नये. आदल्या रात्री खिशातील बंडल व काडेपेटी काढून टाकावी. घरातील माणसांस व सहशिक्षकांस निश्चय सांगावा, म्हणजे कोणी आग्रहाने विडी पुढे करणार नाही.

तलफ आल्यावर करावयाचे उपाय

१. घड्याळ पाहून १० मिनिटे थांबावे.
२. सावकाश, दीर्घ श्वास घ्यावा व तितक्याच सावकाश सोडावा.
३. पेलाभर पाणी घोट घोट प्यावे.
४. जागा सोडावी व हातास काम द्यावे. वह्या तपासणे, फळा पुसणे, झाडांना पाणी घालणे, यांपैकी काहीही चालेल.
५. तोंडात बडीशेप, लवंग किंवा भाजलेले फुटाणे धरावेत.

विडीऐवजी तंबाखू मळणे वा मिश्री लावणे हा उपाय नव्हे. निकोटीन तेच राहते.

धोक्याच्या वेळा

तलफ बहुधा ठरलेल्या वेळी व ठरलेल्या जागी येते. शौचापूर्वी विडी लागते त्याने कोमट पाणी पिण्याची सवय लावावी. जेवणानंतर लगेच चूळ भरून शतपावली करावी. मधल्या सुटीत पानपट्टीकडे न जाता मुलांच्या खेळात उभे राहावे. सायंकाळची पारावरची बैठक पहिले काही दिवस टाळलेली बरी.

चहाविषयी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. धुरातील काही द्रव्यांमुळे शरीर चहातील कॅफिनचा निचरा लवकर करते. धूम्रपान थांबताच तेच कॅफिन शरीरात अधिक वेळ राहते व बेचैनी वाढविते. म्हणून या दिवसांत चहा निम्मा करावा.

चुकून विडी ओढली गेल्यास

एक विडी ओढली गेली म्हणजे सर्व बुडाले असे नव्हे. ती कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत ओढली याची नोंद करावी आणि पुढची विडी टाळावी. वारंवार अपयश येत असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा; निकोटीनचा जोर हळूहळू उतरविणारी औषधे उपलब्ध आहेत. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो.

शाळेच्या दृष्टीने महत्त्व

२००३ च्या कायद्यान्वये १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूचे पदार्थ विकण्यास, तसेच शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत त्यांची विक्री करण्यास मनाई आहे. ज्या मुलास गुरुजी विडी आणावयास पाठवितात, त्यास ते कायदा मोडण्याचा आणि व्यसनाचा असे दोन पाठ एकदम देतात. आरोग्याचा पाठ पुस्तकातून शिकविता येतो. पण गुरुजींच्या खिशाकडे मुलांचे लक्ष पुस्तकापेक्षा अधिक असते. गुरुजींनी विडी सोडल्याचे गावास सांगावे लागत नाही; ते प्रथम मुलांनाच कळते.

केंद्रातील चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या दिनक्रमातील तलफेच्या वेळा कोणत्या? त्यांची यादी करा.
२. प्रत्येक वेळेसाठी एक पर्यायी काम ठरवा.
३. विडी सोडणाऱ्या सहकाऱ्यास पहिले तीन दिवस आपण कोणते साहाय्य करू शकू?