काळ्या दगडातील निळे फूल

पुण्यात बुधवार पेठेतून चालताना जुन्या वाड्यांची काळ्या दगडांची जोती दिसतात. जवळ जाऊन पाहा. एखाद्या दगडात बारीक भोके असतात आणि काही भोकांत पांढरा पदार्थ भरलेला असतो. ही भोके कशी पडली?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला व त्याचे थरावर थर साचले. लाव्हा फार लवकर थंड झाला, तर त्याची काच बनते. अशा काळ्या, चकचकीत काचेला ऑब्सिडियन म्हणतात. अश्मयुगातील माणूस तिची धारदार पाती करीत असे. आज संग्राहक ती हौसेने जमवतात. आपल्याकडील लाव्ह्यात सिलिका कमी होती आणि त्याचे जाड थर सावकाश थंड झाले. म्हणून येथे काचेऐवजी मुख्यतः बेसॉल्ट हा खडक तयार झाला. वायूचे बुडबुडे मात्र आत अडकले व तेथे पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून पाणी झिरपत राहिले. त्यातील द्रव्ये पोकळ्यांत साचून त्यांचे स्फटिक बनले.

पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत कॅव्हनसाइट हे गडद निळे खनिज सापडले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांच्या नावांवरून त्याचे नाव १९७३ साली ठेवले गेले. ते प्रथम अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात मिळाले होते. पण वाघोलीचे नमुने जगभर नावाजले गेले. पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेला निळा गुच्छ फुलासारखा दिसतो. महाराष्ट्रातील असे स्फटिक सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात पाहायला मिळतात.

परंतु दगडखाण खडीसाठी खणतात, स्फटिकांसाठी नव्हे. सुरुंग उडाला की पोकळी उघडते आणि त्याच सुरुंगाने कित्येक स्फटिकांचा चुराही होतो. कामगाराची नजर गेली, तरच एखादा वाचतो. तो कोठे सापडला हे कोणी लिहून ठेवले नाही, तर तो केवळ शोभेची वस्तू उरतो. अभ्यासाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून जाणता संग्राहक प्रत्येक नमुन्याजवळ नाव, गाव व तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवतो.

मुलांनो, तुम्हीही दगड जमवा. मात्र खाणीत जाऊ नका आणि वाड्याचा दगड फोडू नका. वाटेवर पडलेला खडा उचला आणि आधी चिठ्ठी लिहा.

शब्दार्थ : ज्वालामुखी – आतिशफशाँ, स्फटिक – बिल्लौर, जोते – घराचा दगडी पाया, चबुतरा, पोकळी – आतली रिकामी जागा, चुरा – बारीक तुकडे.

स्वाध्याय
१. बेसॉल्टमध्ये पोकळ्या कशा तयार झाल्या?
२. सुरुंगामुळे स्फटिकांचा लाभ व हानी दोन्ही कशी होते?
३. नमुन्याजवळ चिठ्ठी का ठेवावी?