दमट हवेत अडखळणारी मॉडेल रेल्वे

प्रश्न : कार्ल्यात पावसाळ्यानंतर जुनी एचओ मॉडेल रेल्वे अडखळत धावते. उपाय काय?

उत्तर : एचओ मॉडेल मूळ गाडीच्या १:८७ प्रमाणात असते, दोन रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर. साध्या डीसी संचात सुमारे १२ व्होल्टचा प्रवाह रुळांतून चाकांमार्फत मोटरला मिळतो. मावळातल्या दमट हवेत रूळ, चाके आणि रुळांचे सांधे यांवर गंज व काजळी साचते आणि प्रवाह तुटतो.

प्रथम वीज बंद करून रूळ व चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावीत. अल्कोहोल ज्वलनशील असल्याने ते पूर्ण सुकल्यावरच वीज सुरू करावी. पॉलिश पेपर टाळावा. त्याच्या ओरखड्यांत मळ पुन्हा लवकर बसतो. नंतर सैल सांधे घट्ट करावेत. तरीही इंजिन अडखळल्यास मोटरचे झिजलेले कार्बन ब्रश बदलावेत. बेअरिंगला प्लॅस्टिकला न बाधणाऱ्या हलक्या तेलाचा एकच थेंब पुरतो. कम्युटेटरवर तेल जाऊ देऊ नये.

पावसाळ्यात इंजिने सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावीत आणि अधूनमधून चालवावीत. चालत्या मॉडेलांची मांडणी पुण्यात कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात पाहता येते.