पहिले भाषण

(चारचौघांत बोलण्याची भीती पुष्कळांना वाटते. एका थोर पुरुषालाही ती वाटत होती. त्यांच्या अनुभवातून आपण काय शिकावे, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यात एकोडी नावाचे गाव आहे. भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. समजा, तुम्ही एकोडीच्या शाळेत शिकता. पंधरा ऑगस्टची सकाळ आहे. नुकतेच झेंडावंदन झाले आहे. पटांगणात मुले रांगेने बसली आहेत. समोर गुरुजी, सरपंच आणि गावकरी आहेत. इतक्यात तुमचे नाव पुकारले जाते. तुम्हांला पाच मिनिटे बोलायचे आहे, आणि तेही मराठीत!

तुम्ही उठता. घशाला कोरड पडते. पाय लटपटू लागतात. भाषण तर रात्रीच तोंडपाठ केलेले असते. पहिले वाक्य तुम्ही बोलता, पण दुसरे काही केल्या आठवत नाही. मागच्या रांगेत कोणीतरी हसते. तुम्ही खाली बसता आणि मनाशी म्हणता, "भाषण करणे आपले काम नव्हे. आता पुन्हा कधी उभे राहायचे नाही."

थांबा! असा निश्चय करण्याआधी एका तरुणाची हकिकत ऐका.

हा तरुण बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेला होता. तेथील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत त्याला घेतले होते. तो सभेला नेमाने जाई, पण तोंड उघडत नसे. एकदा एका प्रश्नावर आपले मत मांडणे त्याला फार जरुरीचे वाटले. म्हणून त्याने ते कागदावर लिहून नेले. पण तो कागद वाचण्याचाही त्याला धीर झाला नाही. शेवटी तो दुसऱ्याने वाचला.

१८९१ साली स्वदेशी परतण्यापूर्वी त्याने मित्रांना मेजवानी दिली. त्या वेळी बोलण्यासाठी त्याने एक छोटेसे विनोदी भाषण पाठ केले होते. पहिले वाक्य तो बोलला आणि पुढचे सारे विसरला. कसेबसे आभार मानून तो खाली बसला.

मुंबईस आल्यावर त्याला पहिला खटला मिळाला. खटला साधा होता. फी होती तीस रुपये. साक्षीदाराला प्रश्न विचारण्यासाठी तो न्यायालयात उभा राहिला. त्याचे डोके गरगरू लागले. सारे न्यायालय आपल्याभोवती फिरत आहे असे त्याला वाटले. त्याला एकही प्रश्न सुचेना. तो खाली बसला. "हे काम मला जमणार नाही, दुसरा वकील पाहा," असे सांगून तो तेथून निघून गेला.

मुलांनो, हा तरुण कोण होता, ठाऊक आहे? त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी. होय, आपले महात्मा गांधी! ही सारी फजिती त्यांनी आपल्या आत्मकथेत मोकळ्या मनाने सांगितली आहे.

मग हा अबोल तरुण बोलू कसा लागला?

१८९३ साली एका मेमन व्यापाऱ्याच्या दाव्याच्या कामासाठी गांधीजी दक्षिण आफ्रिकेत गेले. पहिल्या वर्गाचे तिकीट असूनही केवळ गोरे नाहीत म्हणून त्यांना पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनवर गाडीतून उतरवले गेले. असा अपमान तेथील सर्वच हिंदी लोकांना रोज सोसावा लागत होता. त्यांची बाजू मांडणारे कोणी नव्हते. हे पाहून गांधीजींनी प्रिटोरिया शहरातील हिंदी लोकांना एकत्र बोलावले. शेठ हाजी महंमद हाजी जुसब यांच्या घरी ही सभा भरली. ऐकणारे बहुतेक मेमन व्यापारी होते, थोडे हिंदूही होते. व्यापारात खरेपणा कसा पाळावा, सर्वांनी एकजूट का करावी आणि आपल्या अडचणी सरकारपुढे कशा मांडाव्यात, हे गांधीजींनी त्यांना समजावून सांगितले. त्या वेळी त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. हे आपले आयुष्यातील पहिले जाहीर भाषण, असे ते म्हणत.

या वेळी ते का अडखळले नाहीत? विचार करा. विषयाची त्यांनी नीट तयारी केली होती. सभा लहान होती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सांगण्यासारखे काही त्यांच्या मनात होते. मेजवानीच्या दिवशी "मी कसा दिसेन?" ही चिंता होती. प्रिटोरियात "या लोकांचे काय होईल?" ही चिंता होती. दुसऱ्याची काळजी मनात आली की स्वतःची भीती मागे पडते.

पण एवढ्याने भीती कायमची गेली असे मात्र समजू नका. १८९६ साली गांधीजी काही काळासाठी भारतात आले. आफ्रिकेतील हिंदी लोकांची दुःखे सांगण्यासाठी २६ सप्टेंबर रोजी मुंबईत मोठी सभा भरली. सर फिरोजशहा मेहता यांच्या सल्ल्यावरून भाषण आधीच छापून घेतले होते. गांधीजी वाचू लागले. सभागृह गच्च भरलेले होते. त्यांचे अंग थरथरू लागले, आवाज खाली खाली जाऊ लागला. "मोठ्याने बोला," असे फिरोजशहा सांगत होते, पण काही उपयोग होईना. शेवटी दिनशा वाच्छा यांनी ते भाषण वाचून दाखवले. लोकांनी ते शांतपणे ऐकले आणि टाळ्या वाजवल्या.

त्याच मुंबईत ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर काँग्रेसची सभा झाली. मौलाना अबुल कलाम आझाद अध्यक्ष होते. त्या सभेत गांधीजी आधी हिंदुस्थानीत आणि मग इंग्रजीत बोलले. "करेंगे या मरेंगे" हा मंत्र त्यांनी त्या दिवशी दिला आणि सारा देश जागा झाला. १८९६ ची ती सभा आणि ही सभा यांत सेहेचाळीस वर्षांचे अंतर होते. गांधीजींचा आवाज तेव्हाही काही फार मोठा झाला नव्हता. ते सावकाश आणि मोजके बोलत. लाजाळूपणामुळेच आपण शब्द जपून वापरायला शिकलो, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

आता आपण पुन्हा एकोडीच्या पटांगणात येऊ. पुढच्या वेळी तुम्ही काय कराल?

प्रथम विषय निवडा. तो तुम्हांला खरोखर ठाऊक असावा. "देशाची प्रगती" हा विषय फार मोठा आहे. "आमच्या गावच्या तलावात गाळ साचला तर धानाला पाणी कसे पुरेल?" हा विषय तुमचा आहे. तलावाच्या पाळीवर जाऊन तुम्ही तो डोळ्यांनी पाहू शकता, आजोबांना विचारू शकता. ज्याने स्वतः पाहिले आहे, त्याला शब्द शोधावे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट, सगळे भाषण घोकू नका. पाठ केलेले भाषण साखळीसारखे असते. एक कडी तुटली की सारे हातातून सुटते. पहिले आणि शेवटचे वाक्य पाठ करा. मधले तीन मुद्दे लहानशा चिठ्ठीवर लिहून घ्या. विसरलात तर थांबा, श्वास घ्या, चिठ्ठी पाहा आणि पुढे बोला. थोडा वेळ थांबणे म्हणजे चूक नव्हे.

तिसरी गोष्ट म्हणजे सराव. मनातल्या मनात वाचणे हा सराव नव्हे. मोठ्याने बोला. आधी धुऱ्यावर एकटेच बोला. मग अम्मी-अब्बांना ऐकवा, मग तीन मित्रांना आणि मग वर्गाला. ऐकणारे असे हळूहळू वाढवा. बोलताना शेवटच्या रांगेतील मुलाकडे पाहा. त्याला ऐकू गेले तर सर्वांना ऐकू जाईल.

राहिला भाषेचा प्रश्न. "माझे मराठी शुद्ध नाही, लोक हसतील," असे तुम्हांला वाटते ना? मग पाहा बरे: आवाज, हिंमत, तयारी, मुद्दा, जाहीर, हजर, शाबास. हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. म्हणजे भाषणाला लागणारे कितीतरी शब्द तुमच्याजवळ आधीपासूनच आहेत! 'ळ' आणि 'ण' हे उच्चार मात्र उर्दूत नाहीत. म्हणून शाळा, तळे, पाळ, पाणी, धरण हे शब्द रोज दहा वेळा मोठ्याने म्हणा. चूक झाली तर ती सुधारून पुढे जा. विदर्भातील संत गाडगेबाबांना शाळेत जायला मिळाले नव्हते. ते आपल्या साध्या वऱ्हाडी बोलीत कीर्तन करीत आणि लोकांनाच प्रश्न विचारीत. हजारो लोक तासन् तास बसून ऐकत.

मुलांनो, आज तुम्ही शाळेच्या पटांगणात बोलाल. उद्या मोठे झाल्यावर ग्रामसभेत बसाल. तेथे रस्ता, पाणी, शाळा यांचे प्रश्न निघतील. ज्यांच्यावर अन्याय झाला आहे, त्यांच्या वतीने कोणीतरी उभे राहावे लागेल. त्या दिवशी तुमचे पाय लटपटले तर लटपटू द्या. पण तुम्ही उभे राहा आणि बोला.

शब्दार्थ

धान – भाताचे पीक
पाळ – तलावाचा बांध
धुरा – शेताचा बांध
कार्यकारिणी – संस्थेचा कारभार पाहणारे मंडळ
हकिकत – घडलेली गोष्ट
फजिती – लाज वाटावी अशी अवस्था
घोकणे – पुन्हा पुन्हा म्हणून पाठ करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मेजवानीच्या वेळी गांधीजी काय विसरले?
(आ) प्रिटोरियातील सभा कोणाच्या घरी भरली?
(इ) १८९६ साली गांधीजींचे भाषण कोणी वाचून दाखवले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) प्रिटोरियात गांधीजी का अडखळले नाहीत?
(आ) पाठ केलेल्या भाषणाला साखळीची उपमा का दिली आहे?

३. वाक्यांत उपयोग करा.
घशाला कोरड पडणे, पाय लटपटणे, धीर होणे, बाजू मांडणे.

४. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत असलेले आणखी दहा शब्द शोधून लिहा.

५. उपक्रम : आपल्या गावातील किंवा मोहल्ल्यातील एका अडचणीवर तीन मुद्दे लिहा आणि वर्गात दोन मिनिटे बोला.