संगणकाची न थांबणारी घंटा

लॅपटॉप उघडा आहे, त्यावर एकही काम चाललेले नाही, तरी आतील पंखा घोंघावतो आहे, तळ हाताला चटका देतो आहे आणि बॅटरी पाहता पाहता उतरते आहे, असा अनुभव तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी आला असेल. वडील म्हणतात, जुना झाला. शेजारी म्हणतात, व्हायरस शिरला. आणि दुरुस्तीवाला मदरबोर्ड बदलावयास सांगतो. २०२० साली शाळा घरात आली तेव्हा आपल्या उपनगरांतील पुष्कळ कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन लॅपटॉप घेतला. कोणी हप्त्याने नवा, कोणी लॅमिंग्टन रोडवरून जुना. तो अकाली भंगारात जावा की नाही, हा प्रश्न अशा घरास लहान नाही. या लक्षणांची कारणे अनेक असतात हे खरे. परंतु त्यांतील एक कारण फारसे कोणास ठाऊक नसते, आणि ते केवळ मोजणीने ओळखता येते, म्हणून त्याविषयी येथे लिहीत आहे.

बारावीस संगणकशास्त्र घेणाऱ्या मुलामुलींस ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर आपल्या राज्यात वर्षानुवर्षे शिकविला गेला आहे. त्यास बाहेरून हाक मारण्याच्या पाच वाटा आहेत: ट्रॅप, आरएसटी ७.५, ६.५, ५.५ आणि आयएनटीआर. या हाकेस इंटरप्ट म्हणतात. कळफलकावर बोट पडले, की प्रोसेसर हातातील काम तेथेच ठेवतो, हाकेचे निवारण करतो आणि पूर्वीच्या कामाकडे वळतो. आता यातील एक बारकावा पाहा. (परीक्षेपुरता तो सर्वजण पाठ करतात आणि पेपर संपताच विसरतात!) आरएसटी ७.५ ही हाक संकेत चढताना एकदाच लागते, ६.५ आणि ५.५ या मात्र संकेत चढलेला असेपर्यंत लागतच राहतात. पावसाळ्यात दारावरील घंटेच्या कळीत ओल शिरली म्हणजे काय होते, ते इमारतीत राहणाऱ्यांस सांगावयास नको. घंटा वाजते, आपण उठून दार उघडतो, बाहेर कोणी नाही; परत येऊन बसतो न बसतो तोच घंटा पुन्हा वाजते.

लॅपटॉपमध्ये नेमके हेच घडू शकते. १९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी वीजव्यवस्थेची एक नियमावली प्रसिद्ध केली. तिला संक्षेपाने एसीपीआय म्हणतात. झाकण मिटले, चार्जर जोडला, बॅटरी उतरली, आतील उष्णता वाढली, अशा वार्ता या नियमावलीप्रमाणे ठरावीक रेषांवरून येतात. त्या रेषांस जीपीई असे नाव असून प्रत्येकीस क्रमांक असतो. सर्व रेषांची मिळून प्रोसेसरकडे एकच हाक जाते आणि कोणत्या रेषेने ती मारली हे पाहून कार्यप्रणाली, म्हणजे विंडोज अथवा लिनक्स, योग्य ती सूचनावली चालविते. परंतु ती सूचनावली कार्यप्रणालीची नसते. बोर्ड बनविणाऱ्या कारखान्याने ती फर्मवेअरमध्ये लिहून ठेविलेली असते. एखादी रेषा कशासही न जोडता चालू ठेविली गेली, किंवा हाक येण्याचे मूळ कारण दूर करावयाचे सूचनावलीत राहून गेले, तर संकेत चढलेलाच राहतो. मग सेकंदास हजारो हाका येऊ लागतात आणि प्रोसेसरचा एक गाभा त्यांतच गुंतून पडतो. व्हायरस शोधणारास तेथे काहीच सापडत नाही, कारण गुन्हेगार डिस्कवर नसतोच.

असल्या निरर्थक टकटकीने थोर यंत्रेही दमली आहेत. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरत असता त्यातील संगणकाने १२०२ क्रमांकाचा इशारा दिला. दोन वीजपुरवठ्यांची लय परस्परांशी न जुळल्यामुळे एका रडारकडून निरुपयोगी संकेतांचा ओघ चालला होता आणि त्याने संगणकाचा सुमारे १५ टक्के वेळ खाल्ला होता. ते काटेकोर अर्थाने इंटरप्ट नव्हते, पण जातकुळी तीच.

आता मोजणीकडे वळू. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून ‘सिस्टीम इंटरप्ट्स’ ही ओळ पाहावी. यंत्र निवांत असता तेथील आकडा एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा. तो दहा-वीस टक्क्यांवर अडून बसला असेल तर प्रथम यूएसबीची सर्व उपकरणे काढावी आणि चार्जर काढून व लावून पाहावा. सैल झालेली चार्जरची पिन देखील हा खेळ करिते! तरीही आकडा न उतरल्यास पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करावे. डिस्कवरील विंडोजला त्यासाठी हात लावावा लागत नाही. (लिनक्सचे पाठ पवईच्या आय. आय. टी. च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये मराठीतूनही आहेत.) पंखा तेथेही घोंघावत राहिला तर विंडोजवरील संशय बहुतेक फिटला. मग ‘सिस’ या फोल्डरातील ‘फर्मवेअर’, त्यातील ‘एसीपीआय’, त्यातील ‘इंटरप्ट्स’ येथे जावे. तेथे प्रत्येक जीपीईची एक फाईल असून तिच्या आरंभी आजवर आलेल्या हाकांची संख्या असते. पुष्कळ ठिकाणी शून्य, कोठे शे-दोनशे. दहा सेकंद थांबून पुन्हा वाचावे. एकाच रेषेचा आकडा तेवढ्यात हजारोंनी वाढला, तर ओली कळ सापडली.

त्या फाईलीत ‘डिसेबल’ हा शब्द प्रशासकाच्या अधिकाराने लिहिला की ती रेषा मुकी होते आणि पंखा बहुधा मिनिटाभरात शांत होतो. येथेच उतावळेपणा नडतो. त्याच रेषेवरून बॅटरीची किंवा उष्णतेची वार्ताही येत असेल, तर तीही बंद पडेल. म्हणून लगेच झाकण मिटून, चार्जर काढून, बॅटरीचा आकडा हलतो की नाही आणि काम वाढल्यावर पंखा वेग घेतो की नाही, हे पाहावे. यांतील काही बिघडले असेल तर यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे. रेषा पूर्ववत होते.

खरा उपाय फर्मवेअर सुधारणे हाच होय, आणि कारखान्याच्या स्थळावर आपल्याच मॉडेलची नवी आवृत्ती असेल तर ती बहुधा विनामूल्य मिळते. मात्र ती चढत असता वीज गेली तर यंत्र उठतच नाही, असेही होऊ शकते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई व उपनगरांची वीज एकाएकी गेली होती, ते पालकांस आठवत असेल. तेव्हा बॅटरी पूर्ण भरलेली, चार्जर घट्ट बसलेला आणि महत्त्वाच्या फाईली दुसरीकडे उतरून घेतलेल्या, एवढी तयारी झाल्यावाचून या कामास हात घालू नये. काम झाल्यावर त्याच रेषेचा आकडा दहा सेकंदांच्या अंतराने पुन्हा दोनदा वाचावा. तो स्थिर असेल, तर मदरबोर्डाचे पैसे घरातच राहिले.