पाणी कुठं जातंय?

शाळेच्या सुट्टीत कंग्राळीहून सायकल हाणत बेळगावच्या गोल्फ मैदानावर कॅडी म्हणून, खेळणाऱ्यांच्या स्टिक वाहायला, जायचो. आता पन्नाशी उलटल्यावर जुन्या स्टिक विकत घेऊन स्वतःच खेळतो. गावातली पोरं हसतात. हसू देत. एवढ्या वर्षांत कळलं ते असं:

१. ग्रीनचा, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताचा, उतार नुसत्या डोळ्यानं कळत नाही. एकदा एका निवृत्त कर्नलसाहेबांनी गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून बराच वेळ निरखलं आणि मला विचारलं, "काय रे, कुठं वळेल?" मी म्हटलं, "साहेब, पाऊस पडला तर पाणी त्या जांभळीकडं जातंय बघा." भाताच्या खाचरात वाढलेल्या पोराला दुसरं काय सुचणार? रोप लावायच्या आधी आप्पा बांधावर उभे राहून पाणी कुठं तुंबतंय तेवढंच बघत, मग फळी फिरवून चिखल सारखा करत. साहेबांनी जांभळीच्या उलट अंगाला वीतभर नेम धरला. चेंडू संथ वळत आला आणि सव्वाचार इंची होलच्या काठावर थबकला. आत काही पडला नाही. "उतार बरोबर होता, हात चुकला," म्हणून साहेब हसले. त्या दिवशी मला दोन रुपये जादा मिळाले.

२. मैदानाला स्वभाव जमीन देते. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान समुद्रकाठच्या वाळूच्या चढउतारांवरच घडत गेलं. वाऱ्याच्या आडोशाला मेंढ्या बसून खड्डे पडले, तेच पुढं वाळूचे बंकर झाले, असं सांगतात. मेंढरं बसवलेली शेतं बघितलेल्या माणसाला हे सहज पटतं. १७६४ साली तिथं २२ होलांचे १८ केले आणि पुढं जगानं तोच आकडा उचलला. रिसॉर्टातल्या नव्या मैदानांवरची कारंजी बघितली की मला मात्र मंगल कार्यालय आठवतं.

३. होल तोच, पण जुलैतला वेगळा. बेळगावात तेव्हा घाटाकडून वारा येतो. मार्चात सात नंबरची स्टिक पुरते तिथं जुलैत लांब पल्ल्याची पाच नंबरचीही कमी पडते.

४. गवतात हात घालण्याआधी स्टिक घालावी. ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावच्या मैदानाच्या झाडीत बिबट्या शिरला. आसपासच्या शाळा बंद, सक्रेबैलच्या हत्ती कॅम्पातून हत्ती आणलेले, महिनाभर शोध. तरी गडी सापडला नाही. तेव्हापासून माझा हरवलेला चेंडू मी त्यालाच सोडून देतो.

५. खेळ महागडा आहे, खोटं कशाला बोलू? पण दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन जिंकली, तेव्हा माझी मान उगाचच ताठ झाली होती.

६. सपाट करणं सोपं असतं. आमच्या खाचराचे प्लॉट पडले. जेसीबीनं दोन दिवसांत बांध मोडले, सगळं एका पातळीत आणलं. पाणी कुठं जाईल, हे कुणी विचारलं नाही. गेल्या पावसाळ्यात एका नव्या घराच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी साचलं. बघायला गेलो, तर नेमकी आप्पा फळी फिरवायचे तीच जागा.